उरायासूची गोटी

"दासे! दासे! दासे!"

माझे सासरे ओरडत होते. ज्या माणसाने आख्खं उरायासू हलत असताना "अरे" यापलीकडे शब्द काढला नव्हता, तो माणूस ब्रह्मपुत्रेतल्या माजुली बेटावर, बांबूच्या खांबांवर उभ्या असलेल्या एका घराखाली, चिखलात गुडघे रोवून, एका डुकरिणीच्या नाकाला नाक लावून ओरडत होता. आवाज असा, की पलीकडच्या पाणथळीतले झाडून सगळे बगळे उडाले, आणि त्यातले निम्मे तरी अजून खाली उतरले नसतील.

'दासे' म्हणजे जपानीत 'बाहेर काढ'. पण हे बेट पडलं वैष्णव मठांचं. रस्त्याने पांढऱ्या धोतरातले दोन म्हातारे मठवासी चालले होते, ते थबकले. परदेशी माणूस मातीत गुडघे टेकून 'दास, दास' म्हणतोय, म्हटल्यावर त्यांनी हात जोडले. त्यातल्या एकाने मला हिंदीत विचारलं, यांनी दीक्षा कधी घेतली? मी म्हटलं, आत्ताच, तुमच्यासमोर.

डुकरिणीने दोनदा जबडा हलवला आणि गिळलं. संपलं. उरायासूहून आलेली गोटी गेली.

आता ही गोटी काय भानगड होती ते सांगायचं, तर मागे जपानला, उरायासूला जायला हवं. आणि त्या दोन वर्षांची आठवण काढली की माझी मान अजून आपोआप एका बाजूला कलते.

मी मुंबईच्या एका बँकेतर्फे जपानला आले होते तीन वर्षांसाठी, आणि लग्न करून तिथलीच झाले. नवरा जपानी. मोटारींच्या धंद्यातला, म्हणून त्याची बदली नागोयाला. तिकडे अशा बदलीवर नवरा एकटाच जातो, बायको घर राखते. मला राखायला घर आणि सासरे असे दोन्ही होते. सासरे मूळचे कोळी. तरुणपणी उरायासूच्या उथळ समुद्रात कमरेइतक्या पाण्यात उभे राहून शिंपले काढायचे. मग त्या समुद्रात भराव पडला, मासेमारी बंद झाली, आणि भरावाच्या जमिनीवर कोळ्यांना प्लॉट मिळाले. सासऱ्यांनी घर बांधलं ते बरोबर आपल्याच शिंपल्यांच्या जागेवर. निदान ते तसं सांगायचे, आणि या बाबतीत मी कोणाला खोटं पाडायला जात नाही.

मग तो भूकंपाचा मार्च आला. आमच्याकडे लाटबिट काही आली नाही. आमच्याकडे जमीनच उकळली. अंगणातून करडा चिखल भसाभसा वर आला, गटारांची झाकणं माणसाच्या उंचीइतकी जमिनीबाहेर निघाली, आणि सगळं थांबल्यावर पाहिलं तर घर समुद्राकडे कललेलं. सासऱ्यांनी चिखलात बोटं घातली आणि शिंपल्याचा एक तुकडा बाहेर काढला. तो धुतला, खिशात टाकला, आणि म्हणाले, "बघायला आला असेल."

कोण, ते सांगितलं नाही. समुद्रच, दुसरं कोण.

पुढचे कित्येक आठवडे पाण्याच्या टँकरपुढे रांगा, फावड्याने चिखल पोत्यात भरणं, मैदानातल्या तात्पुरत्या संडासाकडे छत्री घेऊन जाणं. ओळखीची भारतीय कुटुंबं एकेक करून मुंबई-पुण्याला निघून गेली. मला आई फोनवर म्हणायची, तूही ये. मी म्हणायचे, सासऱ्यांना कुठे ठेवू? ती म्हणायची, घर कुठल्या दिशेला कललंय? मी म्हटलं, दक्षिणेला. ती म्हणाली, अगंबाई, यमाची दिशा!

पाणी आलं, गटारं बसवली, संडास उचलून नेले. कल मात्र राहिला. कल म्हणजे काय, हे सपाट घरात राहणाऱ्याला कळायचं नाही. आमच्याकडे ताटात वरण वाढलं की ते भाताला न विचारता दक्षिणेला जाऊन बसायचं. पोळी लाटायला घेतली की ती स्वतःच्या स्वतः गोल फिरायची, मला फक्त लाटणं धरून उभं राहावं लागे. अंघोळीच्या टबात एका टोकाला बुडायला होई आणि दुसऱ्या टोकाला गुडघे कोरडे. हे सगळं मी हसत हसत फोनवर सांगत असे. जे सांगत नसे ते असं, की सकाळी उठलं की डोकं गरगरायचं, जिना उतरताना भिंत धरावी लागायची, दुपारी कोपऱ्यावरच्या कोनबिनी दुकानात दूध आणायला गेले की तिथल्या सपाट फरशीवर मला उलटी होईलसं वाटायचं. झोपेतसुद्धा मी गादीची कड धरून असे. दोन वर्षं मी एका उतारावर उभी होते आणि दोन वर्षं माझे पाय ते विसरत नव्हते.

अशी घरं सरळ करतात. माणसं येतात, घराखाली जॅक लावतात आणि चाक बदलायला मोटार उचलावी तसं घर हळूहळू उचलतात. आमच्या गल्लीत एकेकाने घर उचलून घेतलं. आमचं तेवढं राहिलं. कारण गोटी.

सासऱ्यांकडे एक काचेची निळी गोटी होती. कल बघायला तेव्हा घरोघरी गोटी सोडून बघायचे, त्यात नवल नाही. नवल हे, की आमच्याकडे ते रोज व्हायचं. सकाळी सासूबाईंच्या फोटोपुढे भाताची वाटी ठेवायची, घंटी वाजवायची, आणि मग तिथूनच लाकडी पट्टीवर गोटी सोडायची. ती घरंगळत स्वयंपाकघरात यायची आणि माझ्या फ्रिजच्या पायाला लागायची. टक्. सासरे मागोमाग येऊन ती उचलायचे आणि म्हणायचे, "कालच्यासारखंच."

म्हणजे कल वाढलेला नाही. म्हणजे घर उचलायची गरज नाही. म्हणजे विषय संपला.

मी म्हणायचे, ओतोसान, म्हणजे बाबा, मला चक्कर येते. ते म्हणायचे, जेवत नाहीस नीट. मी म्हणायचे, जेवते, पण वरण पळून जातं. ते हसायचे नाहीत. ते वाईट नव्हते हो, फक्त त्यांना खरंच काही होत नव्हतं. तरुणपण होडीत काढलेला माणूस, त्याला कललेलं घर म्हणजे घर. नवऱ्याला फोन केला की तो म्हणे, बाबांचं घर आहे, बाबा ठरवतील. नागोयाला बसून असं म्हणायला काही जात नाही, तिथली फरशी सपाट आहे.

माजुलीचं खूळ टीव्हीवरून आलं. एका प्रवासाच्या कार्यक्रमात नदीतलं एक भलंमोठं बेट दाखवलं. मठ, नाचणारे मठवासी, बांबूच्या खांबांवरची घरं. आणि सांगितलं की नदी दरवर्षी या बेटाचा लचका तोडते आणि लोक मागे सरकत राहतात. सासरे मिसो सूपची वाटी हातात धरून ते संपेपर्यंत बघत राहिले. मग म्हणाले, "तिथल्या जमिनी सपाट असतील का?"

मी आजवर सासऱ्यांना सांगत आले होते की भारतातलं असं एक गाव नाही जिथे माझी ओळख नाही. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत सगळीकडे मला कोणी ना कोणी मावशी. तेव्हा आता मागे कसं सरकणार? म्हटलं, माजुली ना, तिथे तर घरचंच आहे. प्रत्यक्षात आसाम मी शाळेच्या नकाशावरसुद्धा धड बघितलेला नव्हता. पण माझ्या मनात एक साधा हिशेब होता. तिथे एखादं घर असं दिसेल, की जे सोडून लोक बिनतक्रार दुसरीकडे गेले. मग मी म्हणेन, बघा.

विमान, विमान, परत एक विमान, एक रात्र जोरहाटला, आणि मग नदीकाठ. मी तोवर एवढी थकले होते की नदीच्या काठावर बॅगेवर बसले आणि बसल्या बसल्या डोळा लागला. उठून पाहते तर सासरे पाण्याच्या कडेला उकिडवे, ओंजळीत करडी वाळू घेऊन बोटांनी चोळताहेत. मला हाक मारली, ओंजळ दाखवली. आमच्या अंगणातून चिखल होऊन वर आली होती, तीच. रंग तोच, बारीकपणा तोच. म्हणाले, "आपली इथे कशी पोहोचली?" मी म्हटलं, आपल्या आधी निघाली असेल.

फेरीबोटीवर माणसं, मोटारसायकली, शेळ्या आणि आम्ही ज्याच्या गाडीतून आलो तो ड्रायव्हर गाडीसकट. ड्रायव्हर बोलका. हिंदीत सांगत होता आणि मी सासऱ्यांना जपानीत. आता त्याने काय सांगितलं ते ऐका. तो म्हणाला, बेटावर जिकडे बघाल तिकडे खतरा आहे. मी सासऱ्यांना सांगितलं, सगळीकडे धोका आहे. सासऱ्यांनी मान डोलावली. ड्रायव्हर म्हणाला, पूर्वी तर खूप खतरे होते, नदीने कित्येक खाल्ले. मी तेही सांगितलं, पूर्वी धोके पुष्कळ होते, नदीने खाल्ले. सासऱ्यांनी नदीकडे जरा आदराने बघितलं. ड्रायव्हर म्हणाला, जे उरलेत त्यातल्या मोठ्या खतऱ्यात सकाळी लवकर गेलात तर भजन ऐकायला मिळेल, आणि तिथे चपला काढून जा.

इथे मला शंका यायला हवी होती, पण माझं डोकं त्या वेळी बोटीबरोबर डुलत होतं. मी तेही भाषांतर केलं. धोक्यात जाताना बूट काढायचे. सासरे म्हणाले, बरोबर आहे.

उतरल्यावर पहिल्याच कमानीवर इंग्रजी पाटी दिसली आणि उलगडा झाला. हे लोक 'स' घशातून काढतात, 'ख'सारखा. मठाला म्हणतात सत्र, तोंडातून येतं खत्र, आणि माझ्यासारखीच्या कानात शिरतं खतरा. आणि मराठी माणसाला नीट 'सत्र' ऐकू आलं असतं तरी काय मोठा फरक पडला असता? आपल्याकडे सत्र म्हणजे परीक्षा, नाहीतर न्यायालय. शेवटी खतराच. मी सासऱ्यांना म्हटलं, चूक झाली, ते धोके नव्हेत, मठ आहेत. ते म्हणाले, "दोन्हीला एकच शब्द? सोयीचं आहे."

मठात इतर लोक मुखवटे बघत होते, जुनी भांडी बघत होते. सासऱ्यांनी लाकडी खांबांच्या त्या लांबलचक प्रार्थनागृहात शिरून पहिली जमीन बघितली. एक म्हातारे मठवासी ओसरीवर अडकित्त्याने सुपारी कातरत बसले होते. सासऱ्यांनी माझ्याकरवी त्यांची परवानगी मागितली आणि खिशातून गोटी काढून जमिनीवर सोडली. गोटी सरळ त्या म्हाताऱ्यांच्या मांडीला जाऊन लागली. त्यांनी ती उचलून उजेडात धरली, परत दिली, आणि बदल्यात पानावर सुपारीचं खांड ठेवून पुढे केलं. तिकडे आलेल्याला तामोल द्यायचाच अशी रीत.

माझ्या मनातला प्रश्न मी सासऱ्यांच्या नावावर विचारून घेतला. म्हटलं, हे विचारताहेत, तुम्हाला कधी जागा सोडावी लागली का? म्हातारे म्हणाले, हा मठ पूर्वी तिकडे होता, आणि सुपारीच्या हाताने नदीची दिशा दाखवली. त्याआधी अजून तिकडे. खांब काढले, आणले, परत रोवले. काही खांब वाटेत फुटले. आणि परत कातरायला लागले. मी हे जपानीत सांगताना थोडं वाढवलं. म्हटलं, ते म्हणतात, हट्ट धरून बसले असते तर सगळे बुडाले असते, आणि विशेषतः घरच्या बायकांना फार त्रास झाला असता. सासऱ्यांनी आजूबाजूला बघितलं. ब्रह्मचाऱ्यांचा मठ. म्हणाले, "कुठल्या बायका?"

मी उत्तर जुळवेपर्यंत त्यांनी तामोल तोंडात टाकला होता. आणि तो काही आपल्या पानपट्टीवरचा खडखडीत सुपारीचा प्रकार नव्हे. ओली, मुरवलेली सुपारी ती. पहिल्यांदा खाणाऱ्याचे कान तापतात, कपाळावर घाम फुटतो. सासरे आधी लाल झाले, मग पांढरे. खांबाला हात लावायला गेले आणि खांब त्यांना पहिल्या खेपेला सापडला नाही. मी धरून बसवलं. वादळात होडीतून घरी आलेला माणूस, दोन्ही हातांनी ओसरीची कड धरून बसला.

"हलतंय," ते म्हणाले.

"काही हलत नाहीये, ओतोसान."

"जमीन तिरकी झाली."

"जमीन सरळ आहे."

त्यांनी डोळे मिटले, मग परत उघडले, कारण मिटून जास्त वाईट वाटत असणार. ते मला माहीत होतं. घाम हनुवटीवरून गळत होता. मग समोर बघतच म्हणाले, "तुला सकाळी असं होतं?"

"असंच."

"रोज?"

"रोज."

मी पुढे काही वाढवलं नाही. माझ्या आयुष्यात मी न वाढवलेली ही बहुधा पहिलीच गोष्ट असेल. त्या म्हाताऱ्यांनी आतून तांब्याभर पाणी आणून दिलं, आणि आम्ही दोघं तिथे बसून राहिलो, ते चक्कर उतरायची वाट बघत आणि मी त्यांची. मला त्या ओसरीवर आडवं पडून दोन वर्षांची झोप काढावीशी वाटत होती.

दुपारी ड्रायव्हरने त्याच्या ओळखीच्या एका मिसिंग बाईंकडे जेवायला नेलं. मिसिंग ही तिथली नदीकाठी राहणारी जमात, घरं खांबांवर, वर माणसं, खाली माग आणि डुकरं. बाई सासऱ्यांच्याच वयाच्या, हिंदी माझ्याहून जरा बरं. त्यांनी भात, मासे आणि तांदळाची घरगुती दारू वाढली. सासऱ्यांनी तिचा वास घेतला आणि सकाळपासून पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. जेवताना बाईंनी सांगितलं की हे घर आत्ताच्या पावसाळ्याआधी नदीच्या जवळ होतं, ते सोडवून इथे आणून बांधलं. सासऱ्यांनी विचारलं, सगळं? बाई म्हणाल्या, सगळं कशाला, जे उचललं गेलं ते. या वेळी मी एक अक्षर वाढवलं नाही. वाढवायची ताकद नव्हती.

जेवण झालं आणि सवयीने सासऱ्यांचा हात खिशात गेला. त्यांनी गोटी काढून जमिनीवर ठेवली.

आता त्या घराची जमीन म्हणजे चिरलेल्या बांबूच्या पट्ट्या, दोन पट्ट्यांत बोटभर फट. गोटी वीतभर गेली. मग ती उजवीकडे जाणार की डावीकडे, हे बघायला आम्ही तिघंही वाकलो, आणि ती दोन्हीकडे न जाता सरळ खाली गेली. टप्. मग खालून डुकरिणीचा खूश झालेला आवाज आला. सासरे ज्या वेगाने ती शिडी उतरले, तो वेग मी त्यांच्यात आधी कधी पाहिला नव्हता. पुढचं मी सांगितलंच आहे.

गोटी गिळल्यावर बाई शिडीवर बसून हसत होत्या. म्हणाल्या, घाबरू नका, ही काही ठेवून घेत नाही, उद्या सकाळपर्यंत परत करेल, राहा इथेच. मी ते जपानीत सांगितलं. सासरे चिखलातच बसून त्यावर खरोखर विचार करत होते. मला भीती वाटली की हा माणूस आता हो म्हणणार, आणि उद्या सकाळी मला एका डुकरिणीच्या मागे काठी घेऊन बसावं लागणार. पण त्यांनी डुकरिणीकडे एकदा बघितलं, गुडघे झटकले, बाईंना वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "बोट सुटेल."

परतीच्या फेरीबोटीवर ते काठाकडे पाठ करून उभे होते, पाय फाकवून, काही न धरता. मी मात्र कठड्याला चिकटून बसले होते.

उरायासूला आल्यावर मी शंभर येनच्या दुकानातून गोट्यांची एक थैली आणली, सगळ्या निळ्या. सासऱ्यांच्या चहाजवळ ठेवली. त्यांनी आभार मानले आणि थैली न उघडता ड्रॉवरमध्ये टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी भाताची वाटी ठेवली, घंटी वाजली. मी ओट्याशी उभी राहून वाट बघत होते. सवयच ती. टक् झालं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही झालं नाही. ते घंटी वाजवून तिथेच थोडा वेळ बसून राहत, मग उठून माझ्याकडे येत, फ्रिजच्या पायाशी बघत, आणि पेपर उचलत. 'कालच्यासारखंच' म्हणायला त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं.

मग एक दिवस बाजारातून आले आणि जाकीट काढता काढता म्हणाले, त्या जॅकवाल्यांना सांगितलंय. पुढच्या आठवड्यात येतील. तुझी भांडी खाली काढून ठेव.

घर उचलायच्या दिवशी नवरा नागोयाहून शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने आला. माणसं घराखाली शिरली होती, मी अंगणात मोड्यावर बसून भिंतीतून येणारे करकर आवाज ऐकत होते. नवरा माझ्या शेजारी उभा राहिला, हळूच म्हणाला, दोन वर्षं तू सांगत होतीस, ऐकलं नाही, तू त्या बेटावर असं काय केलंस? मग मी त्याला सगळं सांगितलं. एका सिद्ध पुरुषाने सासऱ्यांच्या डोक्यावर हात ठेवला. खांब स्वतःहून हलला. ब्रह्मपुत्रेने त्यांना हाक मारली, जपानीत. बाबांनी साष्टांग दंडवत घातला, मी डोळ्यांनी पाहिलं, दोन मठवासी साक्षीदार आहेत.

नवऱ्याने नेहमीप्रमाणे माझं संपेपर्यंत ऐकून घेतलं. मग तो वडिलांकडे वळला. ते पायरीवर बसून संत्रं सोलत होते.

"बाबा, खरं काय झालं तिथे?"

सासऱ्यांनी संत्र्याची एक फोड वेगळी केली, माझ्या हातावर ठेवली.

"गोटी हरवली," ते म्हणाले.